‘कशाला उगाच नजरेत यायचं?’ – आयर्लंडमधल्या मराठी आई-बाबांना खुले पत्र

आयर्लंडमधल्या माझ्या मराठी आई-बाबांनो,

सप्रेम नमस्कार.

2025 च्या ऑगस्टमधला एक गुरुवार. आमच्या क्लबच्या मैदानावर दहा वर्षांखालच्या मुलींचं ट्रेनिंग होतं. संघात सोळा मुली, त्यातल्या पाच भारतीय घरांतल्या, आणि त्या पाचांत दोन मराठी. त्या संध्याकाळी अकराच मुली आल्या. न आलेल्या पाच कोणत्या, हे तुम्हाला सांगायला नको. माझी लेक त्यांत होती. बूट घालून ती दाराशी उभी होती आणि मी तिला सांगितलं, आज ट्रेनिंग रद्द झालंय.

रद्द झालं नव्हतं. मी खोटं बोलले.

ते दिवस आठवा. 19 जुलैला डब्लिनच्या टॅला भागात आपल्यासारख्याच एका माणसाला भर रस्त्यात मारहाण झाली, अंगावरचे कपडे ओढले गेले, खोटे आरोप पसरवले गेले. तो या देशात येऊन काही आठवडेच झाले होते. 1 ऑगस्टला आपल्या दूतावासाने सूचना काढली की निर्जन भागात जाणं टाळा, विशेषतः अवेळी. पुढच्या काही दिवसांत वॉटरफर्डमध्ये सहा वर्षांच्या मुलीला तिच्या घरासमोर मोठ्या मुलांनी मारलं आणि भारतात परत जा म्हणून सुनावलं. सहा वर्षांची मुलगी! ही बातमी वाचली त्या रात्री मी लेकीच्या खोलीत जाऊन तिच्या पलंगाशी जमिनीवरच झोपले. डब्लिनच्या फार्मलीला होणारा इंडिया डेचा कार्यक्रम पुढे ढकलला गेला. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकच वाक्य फिरत होतं: सध्या मुलांना घरीच ठेवा, कशाला उगाच नजरेत यायचं?

भीती वाटली यात कुणाचीच चूक नाही. माझीही नाही. पण एकदा टाळलेलं ट्रेनिंग तीन आठवडे टळलं. चौथ्या आठवड्यात दाराची बेल वाजली. तिचा कोच उभा होता. शेवटच्या ट्रेनिंगला तिचे शिन पॅड मैदानावर राहिले होते, ते द्यायला आला होता. आत आला नाही, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, शनिवारी दहाला मॅच आहे, लेफ्ट बॅकला मला कुणी नाही. आणि गेला. लेकीने जिन्यावरून सगळं ऐकलं होतं. ट्रेनिंग रद्द झालं नव्हतं हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेले नाही.

हे पत्र तेव्हापासून मनात आहे. आता लिहिते आहे, कारण मधल्या काळात शाळेतही तेच वाक्य मला ऐकावं लागलं, आणि तेही आपल्याच माणसांकडून.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे हे कुठून बोलते आहे ते कळेल. मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल हा पेठेचा मान असतो. पाटाकडील, शिवाजी, प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार अशी नावं घेत आम्ही मोठे झालो. तालमीचा संघ शाहू स्टेडियमवर उतरला की घरातले पुरुष जेवणं अर्धी टाकून जात. गल्लीत मी माझ्या दोन भावांबरोबर खेळायचे, डाव्या पायाने, आणि वाईट खेळत नव्हते. बाराव्या वर्षी थांबले. थांब असं कुणी म्हटलं नाही, नियम कुणी लिहिला नव्हता. पाळी आली, फ्रॉक जाऊन पंजाबी ड्रेस आला, ओढणी आली, आणि एक दिवस चेंडू माझ्याकडे यायचाच बंद झाला. भाऊ स्टेडियमवर जात राहिले. स्टेडियमच्या आत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते लग्नानंतर, नवऱ्याबरोबर.

डब्लिनला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातली एक मैत्रीण मला डॅलिमाउंट पार्कला घेऊन गेली. बोहेमियन्सचा सामना. 1890 साली सुरू झालेला हा क्लब कुणा शेठचा नाही, त्याच्या सभासदांचा आहे. 1901 पासून तो याच मैदानावर खेळतो. तिथे एकट्या उभ्या असलेल्या बायका पाहिल्या, आज्या पाहिल्या, नातींना खांद्यावर घेतलेले आजोबा पाहिले. 2020 साली याच क्लबने अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेबरोबर, निर्वासितांचं स्वागत आहे असं लिहिलेली जर्सी काढली होती. तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी मला दुसरीकडे कुठे बोलावू नका. आयर्लंडचा राष्ट्रीय संघ हरला की मला जेवण जात नाही, आणि ही हरण्याची सवय या देशाच्या चाहत्यांना भरपूर आहे.

त्याच डॅलिमाउंटमधली एक गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. नोव्हेंबर 1938 मध्ये तिथे आयर्लंड विरुद्ध पोलंड असा फुटबॉलचा सामना झाला. आयर्लंड 3-2 ने जिंकलं. प्रेक्षकांत देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड बसले होते. हे हाइड म्हणजे आयरिश भाषा जगावी म्हणून 1893 साली गेलिक लीग उभी करणाऱ्यांपैकी एक, आणि आयर्लंडचे पारंपरिक खेळ चालवणाऱ्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनचे, म्हणजे जीएएचे, आश्रयदाते. पण जीएएचा नियम होता की सभासदाने ‘परदेशी’ खेळ खेळायचा नाही आणि पाहायलाही जायचं नाही. सॉकर म्हणजे आपला नेहमीचा फुटबॉल, रग्बी, हॉकी, क्रिकेट, सगळे त्यात आले. राष्ट्राध्यक्ष म्हणून सामन्याला गेले एवढ्यावरून जीएएने हाइड यांचं नाव आश्रयदात्यांच्या यादीतून काढून टाकलं. ज्या माणसाने आयरिशपणासाठी आयुष्य दिलं, तोच आयरिश म्हणून कमी पडला.

कॉन मार्टिन नावाचा खेळाडू होता. 1941 साली डब्लिनच्या गेलिक फुटबॉल, म्हणजे हातापायांनी खेळायच्या आयरिश फुटबॉलच्या, संघाबरोबर त्याने लेन्स्टर प्रांताचं विजेतेपद जिंकलं. तो सॉकरही खेळतो हे उघड झाल्यावर त्याचं पदक अडवून ठेवलं. ते त्याच्या हाती पडलं जवळपास तीस वर्षांनी. सॉकरच्या सामन्यांना आपला कोणी सभासद येतो का हे पाहायला माणसं नेमलेली असायची, हे माझ्या शेजारच्या आजोबांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अजूनही खाली जात होता. हा नियम 1971 मध्ये गेला. तो बाहेरून कुणी मोडला नाही. जीएएच्याच आतल्या लोकांनी, टॉम वुल्फसारख्या डब्लिनच्या क्लबमधल्या माणसांनी वर्षानुवर्षं ठराव आणले, हरले, पुन्हा आणले.

पुढे 2005 मध्ये आणखी एक नियम सैल झाला आणि जीएएचं डब्लिनमधलं मुख्य मैदान, क्रोक पार्क, सॉकर-रग्बीला खुलं झालं. त्या मैदानाचं दुःख इथल्या मातीत आहे. 21 नोव्हेंबर 1920 ला तिथे सामना चालू असताना ब्रिटिशांच्या गोळीबारात चौदा माणसं मेली. त्याच मैदानावर फेब्रुवारी 2007 मध्ये इंग्लंडचा रग्बी संघ आला, त्यांचं राष्ट्रगीत वाजलं आणि लोकांनी ते शांतपणे ऐकलं. महिनाभरातच, 24 मार्चला, आयर्लंडने वेल्सला तिथे 1-0 हरवलं. क्रोक पार्कवरचा तो पहिला सॉकर सामना.

आज माझी लेक मंगळवारी गेलिक फुटबॉल खेळते आणि गुरुवारी सॉकर. दोन्ही क्लबांना त्याचं काही वाटत नाही. या साध्या गोष्टीमागे किती माणसांची किती भांडणं आहेत हे तिला मी सांगत असते.

आता स्कर्टबद्दल.

तुमच्यापैकी अनेकांच्या मुली ज्या तऱ्हेच्या शाळेत जातात तशाच शाळेत माझी लेक जाते. शाळेचं नाव लिहीत नाही, लिहिण्याची गरजही नाही. नियम असा: मुलींनी स्कर्ट किंवा पिनाफोर घालायचा. ट्रॅकसूट फक्त पीटीच्या दिवशी. पीटीचा दिवस आठवड्यातून एकच. प्राथमिक शाळेच्या 1999 च्या अभ्यासक्रमात शारीरिक शिक्षणाला आठवड्याला एक तास दिला होता, आणि तो तासही पाऊस आला, मैफलीची तालीम आली की आकसतो. म्हणजे उरलेले चार दिवस मधल्या सुट्टीत मुली यार्डच्या कडेला उभ्या. माझी लेक चेंडूमागे धावली, घसरली, स्कर्ट वर गेला, मुलं हसली. त्यानंतर दोन महिने ती सुट्टीत खेळली नाही. मला हे तिने सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. ते ऐकताना मला माझी ओढणी आठवली.

आणि याच सुमारास, मे 2025 मध्ये, हा अख्खा देश स्कर्टवर बोलत होता. कमोगी म्हणजे बायकांचं हर्लिंग, काठी-चेंडूचा गेलिक खेळ. त्यात खेळाडूंना स्कॉर्ट घालावा लागे, आतून चड्डी आणि वरून स्कर्टसारखं कापड. गेलिक खेळाडूंच्या संघटनेने विचारलं तेव्हा 70 टक्के खेळाडूंनी सांगितलं की त्यात त्यांना अवघड वाटतं. 2024 मध्ये शॉर्ट्सची परवानगी मागणारे ठराव फेटाळले गेले होते. मग 3 मे 2025 ला डब्लिन आणि किलकेनी या दोन्ही संघांनी ठरवून लेन्स्टरच्या उपांत्य सामन्याला शॉर्ट्स घातल्या. समोरासमोर खेळणारे दोन संघ, पण या बाबतीत एकत्र. त्यांना सांगण्यात आलं, बदला नाहीतर सामना होणार नाही. मैदानाच्या कडेला उभ्या राहून त्या मुलींनी स्कॉर्ट चढवले. रेडिओवर, दुकानात, बसथांब्यावर दुसरा विषय नव्हता. 22 मे ला क्रोक पार्कमध्ये खास बैठक झाली आणि 98 टक्के मतांनी शॉर्ट्सची निवड खेळाडूंवर सोडली गेली. एक वर्ष आधी जे होत नव्हतं ते तीन आठवड्यांत झालं.

2023 मध्ये आयर्लंडच्या महिला रग्बी संघाने पांढऱ्या शॉर्ट्स सोडून गडद निळ्या घेतल्या. कारण उघड सांगितलं: पाळीच्या दिवसांत खेळाडूंना पांढऱ्याची धास्ती वाटते. ही बातमी मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवली. आमच्या घरी बाराव्या वर्षी मला असं कुणी काही वाचून दाखवलं असतं तर, असा विचार त्या वेळी आला, तो बाजूला ठेवते.

मी शाळेच्या पेरेंट्स असोसिएशनच्या बैठकीला गेले. पहिल्या बैठकीत काहीच बोलले नाही, मागच्या रांगेत बसून राहिले. दुसऱ्या वेळी बोलले. मागणी लहान आहे: सगळ्या मुलांना, मुलगे आणि मुली, रोज ट्रॅकसूट किंवा पॅन्ट घालायची मुभा द्या. स्कर्ट बंद करा असं म्हणत नाही. ज्यांना हवा त्यांनी घालावा. एका आयरिश बाईने लगेच अनुमोदन दिलं, मुख्याध्यापिका म्हणाल्या की पालकांच्या सह्या आणा, मी शाळेच्या व्यवस्थापन बोर्डापुढे ठेवते. मी सह्यांसाठी घरोघर गेले. आयरिश, पोलिश, ब्राझिलियन, नायजेरियन घरांतून पटापट सह्या मिळाल्या. आपल्या भारतीय घरांत, आणि त्या तेवीस आहेत, चार मिळाल्या. त्या चारांतली एक माझी.

एकोणीस घरांत मला चहा मिळाला, पोहे मिळाले, आणि तेच वाक्य मिळालं. बरोबर आहे तुझं गं, पण कशाला उगाच नजरेत यायचं?

मला तुमच्या मनातलं कळत नाही असं समजू नका. वर्क परमिटचं नूतनीकरण डोक्यावर असतं. घराचं भाडं पगाराचा केवढा लचका तोडतं ते मला ठाऊक आहे. गावी आई-वडील आहेत, त्यांना फोनवर सगळं ठीक आहे म्हणावं लागतं. शाळेशी वाद घातला आणि बाईंनी मुलीवर राग काढला तर? ही शंका आपण आपल्या शाळांतून बरोबर घेऊन आलो आहोत. पण इथला कायदा पाहा. 1998 च्या शिक्षण कायद्याने पालकांना असोसिएशन स्थापन करण्याचा हक्क दिला आहे. प्राथमिक शाळेच्या बोर्डावर आठ माणसं असतात, त्यातले दोन पालक, आणि ते पालकांनीच निवडून द्यायचे असतात. 2017 मध्ये शिक्षण खात्याने शाळांना सांगितलं की गणवेशाचा खर्च कमी करा, पालकांशी बोला, कुठल्याही दुकानात मिळणारे साधे कपडे चालू द्या आणि शाळेचं चिन्ह इस्त्रीने चिकटवायचं किंवा शिवायचं ठेवा. म्हणजे गणवेशाबद्दल बोलणारा पालक हा आगाऊ नाही, सरकारने त्याला बोलायला बोलावलेलं आहे. आताचं बोर्ड नोव्हेंबर 2027 पर्यंत आहे. मग निवडणूक होईल. तिला आपल्यापैकी कुणीतरी उभं राहावं असं मला वाटतं, आणि मी हे इथेच सांगून ठेवते.

एक कडू गोष्टही बोलायला हवी. त्या एकोणीस घरांपैकी काही घरांत कारण वेगळं होतं. मुलीने फुटबॉलच्या शॉर्ट्स घातलेल्या बाबांना आवडत नाहीत. आजी व्हिडिओ कॉलवर पाहते, ती काय म्हणेल? शाळा म्हणते स्कर्टच घाल, आपण म्हणतो शॉर्ट्स नकोत, आणि मधे उभी असलेली मुलगी दोन्हीकडून कडेला ढकलली जाते. शॉर्ट्सखाली त्याच रंगाची लांब टाइट्स घालायला फुटबॉलचे नियम परवानगी देतात. 2014 पासून डोकं झाकून खेळायलाही परवानगी आहे. आमच्याच संघात एक मुलगी तशी खेळते आणि ती आमची सगळ्यात चिवट गोलकीपर आहे. वाट आहे. तुम्हाला ती हवी आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

नजरेत येणं म्हणजे काय, हे मला आयर्लंडच्या फुटबॉल खेळाडूंकडून शिकायला मिळालं. 4 एप्रिल 2017 ला आयर्लंडच्या महिला संघाच्या खेळाडू डब्लिनमधल्या लिबर्टी हॉलमध्ये पत्रकारांसमोर एका रांगेत बसल्या. कर्णधार एमा बर्न मधे. त्यांनी सांगितलं की संघाचे ट्रॅकसूट ज्युनियर संघांबरोबर वाटून वापरावे लागतात, विमानतळाच्या स्वच्छतागृहात कपडे बदलून ते परत द्यावे लागतात. देशासाठी खेळणाऱ्या बायका! संघातलं स्थान जाऊ शकत होतं तरी बोलल्या. काही दिवसांत तोडगा निघाला. 2021 मध्ये पुरुष आणि महिला संघांचं सामन्याचं मानधन सारखं झालं, त्यासाठी पुरुष खेळाडूंनी स्वतःचं कमी करून घेतलं. 11 ऑक्टोबर 2022 ला ग्लासगोमध्ये स्कॉटलंडला 1-0 हरवून या संघाने पहिल्यांदा विश्वचषकात प्रवेश केला. गोल डॉनिगॉलच्या अंबर बॅरटचा. चारच दिवस आधी तिच्या जिल्ह्यात, क्रीशलाफ गावात, स्फोटात दहा माणसं गेली होती. गोल झाल्यावर ती दंडावरच्या काळ्या फितीकडे वळली. मी आणि माझी लेक सोफ्यावर बसून रडलो, तेव्हा ती सात वर्षांची होती आणि आई का रडते आहे हे तिने विचारलं नाही. पुढच्या वर्षी पर्थमध्ये केटी मकेबने कॅनडाविरुद्ध चौथ्याच मिनिटाला कॉर्नरवरून थेट गोल केला. त्या गोलाची नक्कल आमच्या दिवाणखान्यात कित्येक महिने चालू होती, एक दिवा त्यात गेला.

आणि रंगाबद्दल म्हणाल, तर ज्याला लपता येतच नव्हतं अशा माणसावर या देशाने जीव ओवाळून टाकलेला आहे. पॉल मॅकग्रा. वडील नायजेरियन, आई आयरिश, बालपण डब्लिनच्या अनाथाश्रमांत. 83 सामने आयर्लंडसाठी खेळला. त्याचं नाव घेताना आमच्या क्लबमधल्या म्हाताऱ्यांचे डोळे अजून ओले होतात. आज चिडोझी ओग्बेने आहे, लागोसमध्ये जन्मलेला, आठ वर्षांचा असताना कॉर्कला आलेला, आधी नीमो रेंजर्सकडून गेलिक फुटबॉल खेळलेला. 2021 मध्ये आयर्लंडकडून खेळणारा तो आफ्रिकेत जन्मलेला पहिला खेळाडू ठरला. मी असं म्हणत नाही की मैदानावर वर्णद्वेष नाही. आहे. मॅकग्राला लहानपणी काय ऐकावं लागलं ते त्याने स्वतः सांगितलेलं आहे. 2004 मध्ये याच देशाने जवळपास 79 टक्के मतांनी, इथे जन्मलं म्हणजे नागरिक हा हक्क काढून घेतला. आपल्यातल्या अनेकांची मुलं त्या निकालाची झळ सोसतात. त्याच देशात पुढे मालवण तालुक्यातल्या वराडच्या घराण्यातला मुलगा, लिओ वराडकर, आधी क्रीडामंत्री आणि मग पंतप्रधान झाला. दोन्ही खरं आहे. हा देश एका वेळी दोन्ही आहे.

16 नोव्हेंबर 2025, रविवार. क्लबच्या खोलीत मोठ्या पडद्यावर हंगेरीविरुद्धचा सामना. तीन दिवस आधी पोर्तुगालला 2-0 हरवलं होतं, दोन्ही गोल ट्रॉय पॅरटचे. बुडापेस्टमध्ये जिंकलो तरच विश्वचषकाच्या प्लेऑफला. 1-2 ने मागे होतो. ऐंशीव्या मिनिटाला पॅरटने बरोबरी केली, आणि नव्वद मिनिटं संपून सहावं जादा मिनिट चालू असताना त्यानेच तिसरा मारला. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं. त्यांनी माझा हात असा दाबला की दुसऱ्या दिवशी बांगडीचा वळ होता. पॅरट मुलाखतीत रडला, खोलीतले निम्मे लोक रडले. माझी लेक टेबलावर उभी होती आणि तिला खाली उतर असं कुणी म्हणत नव्हतं.

त्या मिठ्यांनी सगळं बरं झालं असं मी मानत नाही. त्याच महिन्यात ट्राममध्ये दोन पोरं मला घरी जा म्हणून ओरडली आणि डबाभर माणसं फोनमध्ये पाहत राहिली. त्यांतही कुणीतरी रविवारी गोल पाहून नाचलं असेल. पण दुसऱ्या दिवशी मैदानावर हे मी सांगितलं, तेव्हा कोचने, चार आयांनी आणि त्या आजींनी ठरवलं की हिवाळ्यात ट्रेनिंगनंतर कुणीही एकटं स्टॉपपर्यंत जाणार नाही. यादी केली, पाळ्या लावल्या. डिसेंबरात इथे सव्वाचारलाच अंधारू लागतं, तुम्हाला माहीत आहे. ती यादी अजून चालू आहे. आम्हाला आधी तिथे असावं लागलं, मग ती यादी झाली. घरी बसून राहिले असते तर माझ्यासाठी ती कुणी केली नसती, कारण मला काय झालं हे कुणाला कळलंच नसतं.

2022 च्या जनगणनेत या देशात 45 हजारांहून जास्त भारतीय नागरिक होते. आपल्याकडे इंजिनियर आहेत, नर्स आहेत, शेफ आहेत, गणपतीत ढोल वाजवणारी पथकं आहेत. शनिवारी कोडिंगचा क्लास आहे, रविवारी मराठीचा वर्ग. तो वर्ग मी स्वतः घेते, तो बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, आम्ही तो सामन्यांसाठी दुपारी हलवला आहे. पण क्लबच्या कडेला फलक धरून उभ्या असलेल्या, चेंडूंची पिशवी उचलणाऱ्या, संत्री कापणाऱ्या पालकांत आपण कितीजण असतो? हे क्लब पगारी माणसं चालवत नाहीत. कोच दिवसा व्हॅन चालवतो. मदतनीस व्हायचं तर गार्डा व्हेटिंगचा, म्हणजे पोलीस पडताळणीचा, फॉर्म भरायचा आणि बालसुरक्षेचा छोटा कोर्स करायचा. मी गेल्या हिवाळ्यात दोन्ही केलं. कुणाला फॉर्म भरताना अडचण आली तर मी बसून भरून देईन.

शाळेच्या बोर्डाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. सह्यांचा कागद माझ्याकडे आहे, एकोणीस रकाने मी मोकळे ठेवले आहेत.

शनिवारी सामना सकाळी दहाला आहे. गेट साडेनऊला उघडतं, चिखल घोट्यापर्यंत आहे, जादा मोजे घेऊन या. माझ्या गाडीत लहान मापाचे बूट आणि शिन पॅडचे तीन जोड आहेत, ते कुणालाही देईन. डाव्या बाजूच्या कुंपणाजवळ लाल-काळा मफलर घातलेली जी बाई ओरडत असेल ती मी. लेफ्ट बॅक माझी आहे. राइट बॅकला अजून कुणी नाही.

तुमची,
कोल्हापूरची एक आई,
डब्लिन